राजीनामा द्या, पण सभासदत्वाचा नको

एक मोठं पत्र आलं आहे, त्यातला प्रश्न थोडक्यात असा: "ठाण्यातल्या एका नोंदणीकृत हौशी नाट्यसंस्थेत आम्ही सहा ते दहा वर्षं काम करतोय. गेल्या तीन वर्षांत सर्वसाधारण सभा झालेली नाही, हिशेब कुणी पाहिलेला नाही. स्पर्धेचे पैसे आणि प्रयोगांचं मानधन कुठे जातं हे आमच्या दिग्दर्शकाने विचारलं, तर त्याला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आणि नाटकावर दुसरा दिग्दर्शक आणला. आम्ही अकरा जण एकत्र राजीनामा देणार आहोत. त्यातले दोघे कार्यकारिणीवर आहेत. तीन आठवड्यांनी घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला प्रयोग आहे. त्याच दिवशी राजीनामे दिले तरच यांना कळेल, असं बहुतेकांचं मत पडलं. नाटक, सेट आणि संस्थेचं नाव यांचं पुढे काय होईल?"

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. दिग्दर्शकाला ज्या पद्धतीने काढलं ते चूकच आहे आणि त्यावर तुम्ही मूग गिळून बसू नका. नाटकातून बाहेर पडायचं असेल तर पडा, अकराच्या अकरा पडा. पण संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा देऊ नका. कार्यकारिणीवरच्या दोघांनी तर मुळीच देऊ नये. आणि प्रयोगाच्या दिवशी काहीही करू नका.

या शेवटच्या गोष्टीपासूनच सुरुवात करते, कारण ती मी स्वतः केलेली आहे. गेली तीसेक वर्षं मी ठाण्यात आणि वाशीत नाटकांचं व्यवस्थापन करते. त्याआधी एका हौशी संस्थेत कामं करायचे. १९९४ च्या पावसाळ्यात गडकरी रंगायतनला आमचा रविवारचा दुपारी चारचा प्रयोग होता. कारण तुमच्यासारखंच. एका काँट्रॅक्ट शोचे, म्हणजे ठरलेल्या रकमेला विकलेल्या प्रयोगाचे, पैसे आले होते, ते कशात गेले हे कुणी सांगेना. आम्ही नऊ जण आदल्या रात्री तलावपाळीवर बसून ठरवलं की उद्या रंगपटात जायचं, पण मेकअपला बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी साडेतीनला कार्यवाहांच्या हातात नऊ राजीनामे ठेवले आणि बाहेर पडलो. खिडकीवर तिकिटांचे पैसे परत द्यायची रांग लागली. छत्र्या घेऊन आलेली माणसं, बरीचशी वयस्कर. आम्ही समोरच्या फुटपाथवरून ते बघत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हाला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पाऊण तासाने माझी पिशवी राहिली म्हणून मी आत गेले. स्टेजवर आमचे नेपथ्यवाले काका एकटे सेट उतरवत होते. वाड्याच्या ओसरीचा सेट होता. दुपारी बारापासून त्यांनी तो उभा केला होता, मागचे ठोकळे लावून, भिंतींचे फ्लॅट एकमेकांना बांधून. आता तीच दोरी ते गाठ न तोडता सोडवत होते, कारण ती पुढच्या प्रयोगाला लागते. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तिसरी घंटा झाली नाही, म्हणजे माझी नाइट धरायची नाही ना?" ते बदलापूरहून आले होते. आमच्या नऊ जणांच्या खिशातून मिळून त्यांची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे त्यांचे पैसे, सहज निघाले असते, पण तो विचार आदल्या रात्री तीन तासांच्या चर्चेत एकालाही सुचला नव्हता. मलाही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. गावात बोललं गेलं ते प्रेक्षकांना परत पाठवल्याबद्दल. काँट्रॅक्ट शोच्या पैशांचा विषय कुणाच्या तोंडी राहिला नाही. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत एका ओळीचा ठराव केला: नऊ सभासदांचे राजीनामे एकमताने मंजूर. झालं. ज्यांनी हिशेब मागितला असता ते सगळे एका कागदाने बाहेर गेले होते, आणि तो कागद आम्हीच लिहून दिला होता.

आता तुमच्या संस्थेचा मुद्दा. लेटरहेडच्या वरच्या कोपऱ्यात बहुधा दोन नोंदणी क्रमांक असतील. एक 'महाराष्ट्र' अशा शब्दाने सुरू होणारा, तो संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालचा. दुसरा 'एफ' ने सुरू होणारा, तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचा. आपल्याकडे बहुतेक हौशी नाट्यसंस्थांची अशीच दुहेरी नोंदणी असते. याचा साधा अर्थ असा की ती संस्था कार्यवाहांची नाही, अध्यक्षांची नाही आणि संस्थापकांच्या चिरंजीवांचीही नाही. ती सभासदांची आहे आणि तिचा पैसा सार्वजनिक न्यासाचा आहे. धर्मादाय कार्यालयात जाऊन प्रश्न विचारायचा तर तुम्ही 'हितसंबंधित व्यक्ती' असावं लागतं. नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत तिचा कोणताही सभासद हितसंबंधित असतो. राजीनामा मंजूर झाला की पहिला आक्षेप येतो तो हाच, की तुमचा आता संबंध काय? मग हिशेबाचं राहतं बाजूला आणि तुम्ही दारात उभं राहण्याच्या हक्कासाठी भांडत बसता.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न विचारते, आणि तो फार साधा आहे: अकरा जणांनी वर्गणी भरली आहे का? १८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. कलाकार मंडळी इथे हमखास सापडतात. दहा वर्षं रात्री साडेअकराची शेवटची रिक्षा पकडून तालमी केलेल्या असतात, पण वर्षाची वर्गणी भरलेली नसते. थकली असेल तर आजच संस्थेच्या बँक खात्यात थेट भरा, शेऱ्यात 'वार्षिक वर्गणी' आणि वर्ष लिहा, आणि पावती ईमेलवर मागा. रोख देऊ नका. खजिनदारांनी 'घेत नाही' म्हटलं तर तेही लेखी मागा.

दुसरं, ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दिग्दर्शकाला काढलं तो ग्रुप म्हणजे संस्था नव्हे. ग्रुपचा ॲडमिन कुणाचंही सभासदत्व काढून घेऊ शकत नाही. नाटकाचा दिग्दर्शक बदलायचा अधिकार कार्यकारिणीला असू शकतो, पण मग त्याचा ठराव लागतो, बैठकीची सूचना लागते, इतिवृत्त लागतं. त्या ठरावाची प्रत मागा. तुमचे दोघे कार्यकारिणीवर आहेत ना? त्यांना त्या बैठकीची सूचना आली होती का? आली नसेल तर तो ठराव कुठे झाला, हे विचारायला त्यांच्याहून योग्य माणूस नाही. आणि सूचना आली होती, ते बैठकीला बसले होते आणि गप्प राहिले असतील, तर तेही आधी आपसात बोलून घ्या. अकरा जणांची एकी अशा न बोललेल्या गोष्टीवरच फुटते.

या दोघांनी राजीनामा दिला तरी ते पदावर होते त्या काळाची जबाबदारी त्यांच्यावरून जात नाही. उलट पासबुक, पावतीपुस्तक, इतिवृत्ताची वही बघायला मागण्याचा आज त्यांच्याकडे असलेला हक्क जातो. त्यांनी राहावं, प्रत्येक बैठकीला जावं आणि आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यावा. ते काम कंटाळवाणं आहे, अपमानाचंही आहे. तरीही करावं.

आता धर्मादाय कार्यालयात एक फेरी मारा. 'परिशिष्ट एक'चा उतारा मागायचा. त्यात संस्थेच्या विश्वस्तांची, कार्यकारिणीची नावं असतात. निवडणूक झाली, कुणी वारलं, कुणी सोडलं, तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करायचा अर्ज, दाखल करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत जुनीच नावं नोंदीवर राहतात. आपल्या नाट्यसंस्थांत हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं असतं, आणि उतारा हातात आल्यावर कळतं की आज अध्यक्ष म्हणून मिरवणारा माणूस कागदावर कार्यकारिणीचा सभासदसुद्धा नाही. त्याच कार्यालयात संस्थेने दरवर्षी दाखल करायचे लेखापरीक्षित हिशेब असतात. ते दाखल झालेत का, कोणत्या वर्षापर्यंत झालेत, हे बघा आणि नक्कल मागा. तीन वर्षांचे हिशेबच दाखल नसतील तर तुमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला. हिशेब सादर करण्यात सतत कसूर हे कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचं, काढण्याचं कारण होऊ शकतं. तिथवर जायची वेळ येऊ नये, पण संस्थाचालकांना हे कलम तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं तरी सभा लागते, असं मी पाहिलेलं आहे.

हिशेबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. हिशेब दाखवा म्हटल्यावर तुमच्यासमोर वर्षाचा ताळेबंद टाकतील. त्यावरून कलाकाराला काही कळत नाही. तुम्ही प्रयोगाचा हिशेब मागा, एकेका प्रयोगाचा. एका बाजूला तिकीटविक्री किंवा काँट्रॅक्टची रक्कम. दुसऱ्या बाजूला नाट्यगृहाचं भाडं, लाइट, नेपथ्य, टेम्पो, रंगभूषा, कपडेपट, जाहिरात, लेखकाचं मानधन, चहा-नाश्ता. हा एका पानाचा कागद असतो आणि व्यवस्था बघणारा माणूस तो त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी लिहून काढतो. तो कागदच नसेल तर वर्षाचा ताळेबंद कशावरून बनवला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'किरकोळ' या शब्दापुढचा आकडा बघा. किरकोळ खर्च टेम्पोच्या भाड्याहून मोठा असेल तर तो किरकोळ नाही. मिनी थिएटरच्या प्रयोगाला मोठ्या नाट्यगृहाएवढी जाहिरात दाखवली आहे का, बघा. स्पर्धेचे पैसे संस्थेच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे पासबुकात ती नोंद सापडतेच. पण यात एक फरक लक्षात ठेवा: अभिनयाचं, दिग्दर्शनाचं वैयक्तिक बक्षीस त्या त्या कलाकाराचं असतं, सांघिक बक्षीस आणि निर्मितीखर्च संस्थेचा. 'स्पर्धेचे पैसे' असं मोघम लिहाल तर पहिल्याच उत्तरात तुम्हाला वाटाण्याच्या अक्षता मिळतील.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगते. मी पाहिलेल्या बऱ्याच भांडणांत कुणी पैसे खाल्लेले नव्हते. कार्यवाहाने टेम्पोचे पैसे पदरचे दिले, पुढच्या प्रयोगातून परत घेतले, नोंद केली नाही, मग तीन वर्षांनी त्याचं त्यालाच आठवेना, आणि विचारलं की अपमान वाटायला लागला. अशा माणसाला 'चोर' म्हटलं की त्याच्या मागे आणखी पाच जण उभे राहतात, आणि ते त्यांच्या परीने बरोबरच असतात. म्हणून तुमच्या पत्रात 'अपहार' हा शब्द नको. 'हिशेब दाखवलेले नाहीत, ते दाखवावेत' एवढंच लिहा. फेसबुकवर, इन्स्टावर नाव घेऊन काहीच लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रूनुकसानी आजही गुन्हा आहे, आणि तुमची तक्रार सुरू होण्याआधी त्यांची सुरू व्हावी असं तुम्हाला वाटत नसणार.

पत्र कसं लिहायचं, याचा धडा मला दुसऱ्या बाजूला बसल्यावर मिळाला. २०११ साली मी एका संस्थेची कार्यवाह होते. सात मुलामुलींचं पत्र आलं. पहिला मुद्दा 'संस्थेतील वाढती हुकूमशाही', दुसरा 'कलाकारांची मानहानी'. मी तिथेच थांबले, पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हटलं, पोरं आहेत, निवळतील. बारा दिवसांनी सातही जण गेले. पुढे तीन-चार वर्षांनी त्यांच्यातली एक जण वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एका प्रयोगाला विंगेत भेटली. बोलता बोलता ती म्हणाली, "ताई, तिसरा मुद्दा वाचला होतात का? किल्लीचा." मी घरी येऊन ते पत्र शोधलं. तिसरा मुद्दा असा होता की तालमीच्या खोलीची एकच किल्ली आहे, ती येईपर्यंत मुली रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास जिन्यात उभ्या राहतात, तर दुसरी किल्ली करून मिळावी. नौपाड्यातल्या कुठल्याही किल्लीवाल्याने ती दहा मिनिटांत करून दिली असती.

ती चूक माझीच होती, वाचणाऱ्याची. पण तुम्ही लिहिणारे आहात, म्हणून तुम्हाला सांगते: किल्ली पहिल्या मुद्द्यात लिहा. ज्याला 'हो' किंवा 'नाही' असंच उत्तर देता येतं ते वर. अमुक तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल पंधरा दिवसांत दाखवावेत. दिग्दर्शक बदलल्याच्या ठरावाची प्रत द्यावी. संस्थेच्या घटनेतल्या अमुक कलमानुसार विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. किती सभासदांच्या सहीने अशी सभा मागता येते ते तुमच्या घटनेत दिलेलं असेल. घटनेची प्रत नसेल तर तीही धर्मादाय कार्यालयातून मिळते. सगळे अकरा जण सही करा, पोचपावती घ्या, आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. हुकूमशाही, मानहानी हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको, ते सभेत बोला.

तुमच्या तक्रारींत कुणाच्या वागण्याची, अंगचटीला येण्याची गोष्ट दडलेली असेल, तर ती या यादीत घालू नका आणि वाटाघाटीतला मुद्दाही करू नका. त्याची वाट वेगळी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते. नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. जिच्यावर प्रसंग आला आहे तिला विचारूनच पुढचं पाऊल टाका. तिच्या वतीने इतरांनी ठरवू नये.

आता तीन आठवड्यांनंतरचा प्रयोग. तारीख संस्थेच्या नावावर आहे, भाडं संस्थेने भरलं आहे. तुमच्यासमोर दोन सरळ वाटा आहेत. एक, प्रयोग करायचा, चोख करायचा, आणि पत्रात लिहायचं की प्रेक्षकांसाठी हा प्रयोग करत आहोत, पुढच्या प्रयोगांना आम्ही सभा होईपर्यंत उभे राहणार नाही. दुसरी, आजच लेखी कळवायचं की या प्रयोगाला आम्ही नाही. तीन आठवडे आधी कळवलं तर संस्थेला तारीख सोडता येते, जाहिरात थांबवता येते, टेम्पो अजून सांगितलेला नसतो. यातलं काय करायचं ते तुमच्या काढून टाकलेल्या दिग्दर्शकाला विचारा. त्याने बसवलेलं नाटक दुसऱ्याच्या नावाने होताना बघणं त्याला सोसवेल का, हा प्रश्न त्याचा आहे. तुम्ही मतदान करून सोडवायचा नाही. प्रयोग केलात तर पडदा पडल्यावर माइक घेऊन निवेदन वाचू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. ज्याने तिकीट काढलं त्याने नाटकाचं काढलं.

नाटक कुणाचं, हा तुमचा मूळ प्रश्न. संहितेचा हक्क लेखकाचा. त्याने प्रयोगाची परवानगी कुणाला दिली आहे, संस्थेला की दिग्दर्शकाला, किती प्रयोगांसाठी, किती काळ, हे परवानगीपत्रात बघा. बरेचदा ते पत्रच नसतं, फोनवर 'करा की' झालेलं असतं. मग लेखकाला भेटा, दोन्ही बाजू सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. संगीत ज्याने केलं त्याचा हक्क वेगळा. सेट, कपडे, प्रॉपर्टी (रंगमंचावरच्या वस्तू) ज्याच्या पैशातून झाली त्याची, म्हणजे संस्थेची. एखादी आजीची नऊवारी किंवा घरचा कंदील कुणी दिला असेल तर त्याची यादी करून आत्ताच कळवा. रात्री जाऊन गोदामातून उचलून आणू नका, मग ती चोरीची तक्रार होते. संस्थेचं नाव संस्थेचंच राहील. 'मूळ अमुक संस्था' असं जाहिरातीत छापायचा मोह होईल, तो टाळा.

नाटक टिकतं ते नावावर नाही, हे आपल्या रंगभूमीने पाहिलेलं आहे. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' आणलं. १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवायचं ठरवलं. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली, आणि जानेवारी १९७४ पासून तेच नाटक नव्या संस्थेच्या नावाने पुन्हा सुरू झालं. हे उदाहरण बाहेर पडणारा प्रत्येक गट देतो. तुमच्यातही कुणी दिलं असेलच. पण मधले महिने बघा. नवी संस्था उभी करून पुन्हा पडदा वर जायला, इतकी गुणी माणसं असूनही, साडेनऊ महिने लागले. तेवढा दम तुमच्या अकरा जणांत आहे का? नोकऱ्या सांभाळून, ऐरोलीहून आणि कोपरखैरण्याहून ठाण्यात येऊन?

मला स्वतःला त्याहून जास्त शिकवणारी गोष्ट १९१३ ची वाटते. किर्लोस्कर नाटक मंडळीचे सूत्रचालक शंकरराव मुजुमदार यांच्याशी पटेना, म्हणून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. गाणं, अभिनय, लोकाश्रय, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. पण काही वर्षांत टेंबे आणि बोडसही गंधर्व कंपनीतून बाहेर पडले, आणि कंपनी कर्जात कशी बुडाली ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. इकडे किर्लोस्कर मंडळीतून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे १९१८ मध्ये निघाले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. म्हणजे पाच वर्षांत एकाच कंपनीतून दोनदा माणसं गेली. जे गेले त्यांच्या नव्या घरातही व्यवस्थेचा प्रश्न मागोमाग आला.

याच्या शेजारी १९७१ ठेवा. मुंबईच्या 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेतून अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे ही मंडळी बाहेर पडली आणि 'आविष्कार' सुरू झाली. त्यांच्याबरोबर अरुण काकडे होते. काकडेकाकांनी पुढे कित्येक दशकं त्या संस्थेची व्यवस्था पाहिली. हॉल मिळवणं, तारखा लावणं, पैसे उभे करणं, नव्या मुलांना उभं राहायला जागा देणं, सगळं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांचं जे घडलं त्यात लेखक-दिग्दर्शकांची नावं आपण घेतो, पण रोज खुर्च्या मोजणारा माणूस असल्याशिवाय ते झालं नसतं. तुम्ही अकरा जण कोण आहात ते मला पत्रातून कळलं: सात नट, दोन तंत्रज्ञ, एक संगीतकार, एक दिग्दर्शक. पावतीपुस्तक कोण सांभाळणार? तो माणूस तुमच्यात नसेल तर सभेत जिंकलात तरी अडचण आहे, कारण उद्या खजिनदार तुमच्यातलाच होणार. आणि बाहेर पडून नवी संस्था काढलीत तर नोंदणीला सात सभासद पुरतात, ते तुमच्याकडे आहेत. बारावा माणूस शोधावा लागेल तो हिशेब लिहिणारा.

एक छोटी सूचना, तुमच्यातले काही व्यावसायिक नाटकातही काम करतात असं दिसतं म्हणून. तिथे हे काहीही लागू नाही. निर्मिती संस्था बहुधा एका माणसाची असते, सभासदत्व नसतं, असतो तो करार आणि नाइट. करार नसेल तर बँकेत आलेल्या रकमा, मेसेज आणि आयकराच्या नोंदीत दिसणारा टीडीएस हाच तुमचा पुरावा. थकलेल्या पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात देतो' यावर फार वर्षं काढू नका. तिथेही रिप्लेसमेंट मिळायला पुरेसे दिवस देऊन सोडा. शनिवार-रविवारची तारीख मिळवायला निर्मात्याने काय केलेलं असतं ते आम्हा व्यवस्थापकांना विचारा.

या रविवारी अकरा जण एकत्र बसा. येताना प्रत्येकाने वर्गणीची पावती आणावी, दोघांनी इतिवृत्ताच्या ज्या प्रती असतील त्या आणाव्यात, एकाने घटनेची प्रत आणावी. पत्राचा मसुदा तिथेच करा, आणि दिग्दर्शकाचं म्हणणं ऐका. तुमच्या इतक्या मोठ्या पत्रात त्याने हे सगळं विचारायला सांगितलं आहे की नाही, ते कुठे आलेलं नाही.

सेट लावणाऱ्यांचंही नाव तुमच्या पत्रात कुठे नाही. प्रयोग होणार असो की नसो, त्यांना याच आठवड्यात फोन करा आणि काय ठरतंय ते सांगा. त्यांनी तुमच्या तारखेसाठी त्या दिवशीचं दुसरं काम कदाचित आधीच नाकारलेलं असेल. तसं असेल तर त्यांची नाइट तुम्ही अकरा जणांनी काढून द्या, रविवारी उठायच्या आधी.